टाइट एंडची तुलना कशी करायची? कॉलेज फुटबॉलमधून एनएफएल ड्राफ्टकडं जाताना

गोव्यात फुटबॉल म्हटलं की पायानं खेळायचा खेळ. अमेरिकेत त्याला सॉकर म्हणतात. तिकडचं फुटबॉल म्हणजे लंबगोल चेंडू हातात घेऊन, डोक्याला हेल्मेट घालून खेळायचा धसमुसळा खेळ. त्याची व्यावसायिक लीग म्हणजे एनएफएल. दरवर्षी एप्रिलच्या अखेरीस या लीगचे ३२ संघ कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू निवडतात. त्या निवडीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात.

ड्राफ्टच्या आधी दोन-तीन महिने एकच चर्चा चालते, कोण वरचढ आणि कोण कितव्या क्रमांकावर जाणार. या चर्चेत ज्या जागेच्या खेळाडूंचा अंदाज वारंवार चुकतो, ती जागा ‘टाइट एंड’ची. ट्रॅव्हिस केल्सी, जॉर्ज किटल, रॉब ग्रॉन्कोवस्की आणि मार्क अँड्र्यूज ही या जागेवरची अलीकडची मोठी नावं. यातला एकही पहिल्या फेरीत निवडला गेला नव्हता. असं का होतं, आणि दोन टाइट एंड समोरासमोर ठेवून पाहायचे असतील तर काय पाहायचं, ते इथं एकत्र मांडलं आहे.

टाइट एंड म्हणजे नेमका कोण?

आक्रमण करणाऱ्या संघाचे ११ खेळाडू मैदानात असतात. त्यातले पाच धिप्पाड गडी मधोमध ओळीनं उभे राहतात. समोरच्यांना अडवायचं एवढंच त्यांचं काम. पास झेलायची त्यांना सहसा परवानगी नसते. या ओळीच्या टोकाला, अगदी चिकटून जो उभा राहतो तो टाइट एंड. तो अडवतोही आणि पुढं धावत जाऊन पासही झेलतो.

म्हणजे क्रिकेटच्या भाषेत हा अष्टपैलू. अष्टपैलूची तुलना नुसत्या धावांवर केली तर जी गफलत होते, तीच इथं नुसत्या झेलांवर केली की होते. एका चालीत त्याला ११५-१२० किलोच्या बचावपटूला ढकलून वाट मोकळी करायची असते, तर पुढच्याच चालीत चपळ बचावपटूला चकवून चेंडू झेलायचा असतो.

अडचण अशी, की आजकाल बरेच कॉलेज संघ मैदान पसरून खेळतात. त्यांचा टाइट एंड ओळीला चिकटून कमी आणि बाहेरच्या बाजूला मोकळा जास्त उभा असतो. तिथं तो झेल भरपूर घेतो, पण अडवण्याचं खरं काम त्याच्या वाट्याला फारसं येतच नाही. व्यावसायिक संघाला मात्र तो दोन्ही करेल का, हे ठरवायचं असतं. अर्धी उत्तरपत्रिका बघून पूर्ण निकाल लावण्यासारखंच हे आहे.

क्रमांक चुकला तर काय बिघडतं?

आयपीएलमध्ये लिलाव होतो आणि बोली वाढेल तशी किंमत वाढते. ड्राफ्टचं तसं नाही. आधीच्या हंगामात सगळ्यात मागं राहिलेल्या संघाला पहिली निवड मिळते. निवडीच्या सात फेऱ्या होतात. कोणत्या संघात जायचं हे खेळाडूच्या हातात नसतं. २०११ च्या वेतन करारापासून नव्या खेळाडूचा पगारही जवळपास निवडीच्या क्रमांकावरच ठरतो. करार चार वर्षांचा असतो. पहिल्या फेरीतला असेल तर पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हातात राहतो.

त्यामुळं पहिल्या फेरीतून तिसऱ्या फेरीत घसरलेल्या मुलाचं पुढच्या चार वर्षांचं उत्पन्न कितीतरी कमी होतं, मग तो मैदानात कितीही चमको. हा खेळ अंगावर घेणारा, करिअर लहान. घसरलेला क्रमांक भरून काढायची संधी सगळ्यांना मिळतेच असं नाही.

टाइट एंड या नावालाही पैशाची बाजू आहे. २०१४ मध्ये न्यू ऑर्लिन्स सेंट्सच्या जिमी ग्रॅहमनं दावा केला, की आपण बहुतेक वेळ ओळीपासून दूर उभे राहतो, म्हणून आपल्याला वाइड रिसीव्हर धरावं. संघाला एक वर्ष रोखून धरायचा अधिकार असतो, त्यासाठी द्यावी लागणारी रक्कम टाइट एंडला सुमारे ७० लाख डॉलर होती आणि वाइड रिसीव्हरला १ कोटी २३ लाख. लवादानं निकाल दिला, ग्रॅहम टाइट एंडच. काम तेच, पण नावानं ५० लाख डॉलरचा फरक पडला. पुढं त्यानं संघाशी चार वर्षांचा मोठा करार केला, तो भाग वेगळा.

स्टॉपवॉच किती खरं बोलतं?

ड्राफ्टच्या आधी इंडियानापोलिसला ‘कम्बाइन’ भरतं. तिथं उंची, वजन, हाताची लांबी मोजतात, उड्या मारायला लावतात आणि ४० यार्डांची म्हणजे साडेछत्तीस मीटरची धाव घेतात. कॉलेजांमध्ये ‘प्रो डे’ नावाची अशीच चाचणी होते.

या चाचणीनं सगळ्यात जास्त भुरळ घातली ती फ्लोरिडा विद्यापीठाच्या काइल पिट्सनं. सहा फूट पाच इंचांहून जास्त उंची, १११ किलो वजन आणि ४० यार्ड ४.४४ सेकंदांत. २०२० च्या हंगामात त्यानं आठ सामन्यांत ४३ झेल, ७७० यार्ड आणि १२ टचडाउन केले होते. अटलांटा फाल्कन्सनं त्याला २०२१ मध्ये चौथ्या क्रमांकावर घेतलं. इतक्या वर एकही टाइट एंड कधी गेला नव्हता. पहिल्या हंगामात त्यानं १,०२६ यार्ड मिळवलेही, पण टचडाउन फक्त एक. दुसऱ्या हंगामात गुडघा दुखावला आणि झेल २८ वर थांबले. पिट्स वाईट निघाला असं नाही. पण चौथ्या क्रमांकाच्या मानानं जी अपेक्षा होती, ती त्या सुरुवातीच्या वर्षांत पुरी झाली नाही.

दुसरीकडं जॉर्जियाचा ब्रॉक बावर्स. उंची सहा फूट तीन इंच, म्हणजे या जागेसाठी जरा कमीच. कम्बाइनमध्ये तो धावलाही नाही. पण कॉलेजमध्ये तीन वर्षं सलग त्यानं खेळ दाखवला होता. सर्वोत्तम टाइट एंडला मिळणारा जॉन मॅकी पुरस्कार २०२२ आणि २०२३ असा दोनदा जिंकणारा तो पहिलाच. २०२४ मध्ये लास व्हेगास रेडर्सनं त्याला तेराव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्याच हंगामात त्यानं ११२ झेल आणि १,१९४ यार्ड केले. कोणत्याही जागेवरच्या नवोदिताचे एवढे झेल याआधी झाले नव्हते.

म्हणून वेग आणि उंची पाहायची ती दार उघडण्यापुरती. मैदानावर तोच वेग चेंडू झेलल्यानंतर, अंगावर दोन माणसं असताना दिसतो का, हे बघायला चित्रफीतच लागते.

झेलांचा आकडा कुठं फसवतो?

झेल किती घेतले हे खेळाडूइतकंच त्याच्या संघावर अवलंबून असतं. क्वार्टरबॅक कसा आहे, संघ पास किती टाकतो, प्रतिस्पर्धी कोण, या सगळ्याचा हिशेब त्या एका आकड्यात दडलेला असतो.

आयोवा विद्यापीठाचंच बघा. टाइट एंडची ही जणू तालीमच आहे. इथला संघ जुन्या पद्धतीनं, ओळीला चिकटून खेळतो. त्यामुळं मुलांना अडवणं शिकावंच लागतं आणि निवड करणाऱ्यांना दोन्ही कामं बघायला मिळतात. पण पास कमी पडतात. जॉर्ज किटलनं आयोवातल्या सगळ्या वर्षांत मिळून ४८ झेल घेतले होते. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये ओ. जे. हॉवर्ड, इव्हान एन्ग्रम आणि डेव्हिड न्जोकू हे तीन टाइट एंड पहिल्या फेरीत गेले. किटल पाचव्या फेरीत, १४६ व्या क्रमांकावर. पुढच्याच वर्षी, २०१८ मध्ये त्यानं सॅन फ्रान्सिस्कोकडून १,३७७ यार्ड केले. तेव्हा तो टाइट एंडचा एका हंगामातला विक्रम होता.

उलट्या बाजूचं उदाहरण बोलिंग ग्रीनच्या हॅरल्ड फॅनिनचं. २०२४ मध्ये ११७ झेल आणि १,५५५ यार्ड, दोन्ही कॉलेजच्या वरच्या विभागातले टाइट एंडचे विक्रम. तरी शंका होती, कारण त्याचा संघ लहान गटात खेळणारा. अशा वेळी पाहायचं ते मोठ्या संघांविरुद्ध काय केलं. फॅनिननं पेन स्टेटविरुद्ध ११ झेल घेतले आणि टेक्सस ए अँड एमविरुद्ध १४५ यार्ड केले. म्हणजे आकडा पोकळ नव्हता. तरीही क्लीव्हलँडनं त्याला घेतलं ते ६७ व्या क्रमांकावर.

२०२३ : एकाच वर्षी सगळे प्रश्न

तुलना कशी करावी हे शिकायला २०२३ चा ड्राफ्ट चांगला आहे. टाइट एंडचं पीक त्या वर्षी भरघोस होतं.

• डाल्टन किनकेड, युटा : २५ वा क्रमांक, बफलो. झेलण्यात सगळ्यांत तरबेज. पण अडवण्याबद्दल शंका, आणि पाठीच्या दुखापतीमुळं कम्बाइनमध्ये धावला नाही.
• सॅम लापोर्टा, आयोवा : ३४ वा, डेट्रॉइट. शेवटच्या हंगामात ५८ झेल, पण टचडाउन फक्त एक.
• मायकल मेयर, नोत्र दाम : ३५ वा, रेडर्स. दोन्ही कामांत भरवशाचा. धाव ४.७० सेकंद, म्हणजे बेताची.
• ल्यूक मस्ग्रेव्ह, ऑरेगन स्टेट : ४२ वा, ग्रीन बे. वेगवान, पण गुडघ्यामुळं शेवटच्या हंगामात दोनच सामने.
• टकर क्राफ्ट, साउथ डकोटा स्टेट : ७८ वा, ग्रीन बे. खालच्या विभागातल्या कॉलेजचा.
• डार्नेल वॉशिंग्टन, जॉर्जिया : ९३ वा, पिट्सबर्ग. सहा फूट सात इंच, १२० किलो. अडवण्यात पहाड, झेल कमी. कॉलेजमध्ये बावर्सच्या शेजारी खेळायचा, त्यामुळं चेंडू बहुतेक तिकडंच जायचा.

पहिल्या हंगामाचा निकाल असा : लापोर्टा ८६ झेल, ८८९ यार्ड, १० टचडाउन. किनकेड ७३ झेल, ६७३ यार्ड. मेयर २७ झेल, ३०४ यार्ड. लापोर्टाचे ८६ झेल हा तेव्हा नवोदित टाइट एंडचा विक्रम ठरला. पुढच्या वर्षी तो बावर्सनं मोडला.

लापोर्टाचा तो एक टचडाउन बघून कुणी नाक मुरडलं असेल, तर त्यानं आयोवाचं आक्रमण किती दुबळं होतं हे धरलं नाही. त्या संघात चेंडू झेलण्यात लापोर्टाच पुढं होता, आणि बचाव करणाऱ्या सगळ्यांची नजरही त्याच्यावरच असायची. तरी तो झेल घेत राहिला. ‘संघाच्या एकूण खेळात याचा वाटा किती’ हा प्रश्न ‘याचे टचडाउन किती’ यापेक्षा जास्त उपयोगाचा.

मेयरची गोष्ट दुसरीच. रेडर्सनं त्याला घेतलं आणि पुढच्याच वर्षी बावर्सलाही घेतलं. मग मेयर मागं पडला. खेळाडूचं भवितव्य त्याच्या गुणांइतकंच निवडणाऱ्या संघाच्या गरजेवर असतं. ग्रीन बेमध्ये तर एकाच वर्षी घेतलेल्या दोघांत ७८ व्या क्रमांकाचा क्राफ्ट पुढं गेला. २०२४ मध्ये त्यानं ७०७ यार्ड आणि ७ टचडाउन केले.

एकाच संघानं दोघांना मोजलं तेव्हा

२०१८ मध्ये बाल्टिमोर रेव्हन्सनं एकाच ड्राफ्टमध्ये दोन टाइट एंड घेतले. २५ व्या क्रमांकावर साउथ कॅरोलायनाचा हेडन हर्स्ट, ८६ व्या क्रमांकावर ओक्लाहोमाचा मार्क अँड्र्यूज.

हर्स्ट आधी बेसबॉल खेळत होता, नंतर फुटबॉलकडं वळला. त्यामुळं ड्राफ्टच्या वेळी तो २४ वर्षांचा होता. अँड्र्यूज २२ चा. अँड्र्यूजनं शेवटच्या हंगामात ९५८ यार्ड करून मॅकी पुरस्कार जिंकला होता, पण तो ओळीबाहेर खेळणारा, अडवण्यात कच्चा, अशी त्याची ख्याती. दोन वर्षांनी बाल्टिमोरनं हर्स्टला अटलांटाला देऊन टाकलं. अँड्र्यूजनं २०२१ मध्ये १०७ झेल आणि १,३६१ यार्ड केले.

इथं दोन धडे आहेत. एक, वयाचा हिशेब धरायचा. २४ वर्षांचा गडी १९-२० च्या मुलांसमोर खेळत असेल तर त्याचं बळ थोडं वजा करूनच मोजावं. दोन, ‘हे याला येत नाही’ आणि ‘हे याला कधी करायलाच दिलं नाही’ यातला फरक ओळखायचा.

दुखापत आणि धीर

रॉब ग्रॉन्कोवस्की अॅरिझोनात शिकत असताना पाठीच्या शस्त्रक्रियेमुळं २००९ चा अख्खा हंगाम मुकला. २०१० च्या ड्राफ्टमध्ये टाइट एंडमधला पहिला मान जर्मेन ग्रेशमला, २१ व्या क्रमांकावर. ग्रॉन्कोवस्की ४२ व्या क्रमांकावर न्यू इंग्लंडकडं गेला. पुढच्याच वर्षी त्यानं १७ झेल टचडाउनमध्ये बदलले, आजवर कुठल्याच टाइट एंडला न जमलेली गोष्ट. म्हणून दुखापत असली तर डॉक्टरांचा अहवाल महत्त्वाचाच, पण दुखापतीआधीची चित्रफीत कपाटात टाकायची नसते.

दुसरी गोष्ट धीराची. दोन कामं शिकायची म्हणजे वेळ लागतो. माइक डिटकानं १९६१ मध्ये नवोदित म्हणून १,०७६ यार्ड केले. त्यानंतर पहिल्याच हंगामात हजार यार्ड गाठणारा पुढचा टाइट एंड मिळाला तो थेट २०२१ मध्ये, पिट्स. मध्ये ६० वर्षं गेली. २००६ मध्ये सहाव्या क्रमांकावर गेलेला व्हर्नन डेव्हिस ४० यार्ड ४.३८ सेकंदांत धावला होता, पण त्याचा खरा मोठा हंगाम चौथ्या वर्षी आला. केल्सी २०१३ मध्ये ६३ व्या क्रमांकावर गेला. पहिलं वर्ष गुडघ्यात गेलं. २०१६ ते २०२२ सलग सात हंगाम त्यानं हजार यार्ड ओलांडले. पहिल्या वर्षाच्या आकड्यांवर शिक्का मारला असता तर ही नावं केव्हाच बाद झाली असती.

२०२५ : दोघं समोरासमोर

आता वरचं सगळं एका ताज्या जोडीला लावून बघू. २०२५ मध्ये मिशिगनचा कोल्स्टन लव्हलँड आणि पेन स्टेटचा टायलर वॉरन, दोघांची उंची सहा फूट सहा इंचांच्या आसपास.

वॉरनचे २०२४ चे आकडे डोळे दिपवणारे : १०४ झेल, १,२३३ यार्ड, शिवाय मॅकी पुरस्कार. संघ त्याच्या हातात थेट चेंडू देऊन त्याला धावायलाही लावायचा. यूएससीविरुद्ध १७ झेल घेतले. त्याच सामन्यात एका चालीत सेंटरच्या जागेवरून चेंडू मागं दिला आणि पुढं धावत जाऊन तोच पास झेलून टचडाउन केला.

लव्हलँडचे त्याच हंगामात ५६ झेल आणि ५८२ यार्ड. नुसतं कागदावर बघितलं तर तुलनाच नको. पण मिशिगनचा पासचा खेळ त्या वर्षी फारच कमजोर होता, लव्हलँड दहाच सामने खेळला आणि तरी संघात सगळ्यांत जास्त झेल त्याचेच होते. वय २१, वॉरनहून दोन वर्षांनी लहान. खांद्याची शस्त्रक्रिया झालेली, ही वजाबाकीची बाजू.

शिकागो बेअर्सनं दहाव्या क्रमांकावर लव्हलँडला घेतलं. इंडियानापोलिस कोल्ट्सनं चौदाव्यावर वॉरनला. शिकागोचे प्रशिक्षक बेन जॉन्सन हे २०२३ मध्ये डेट्रॉइटचं आक्रमण सांभाळत होते, म्हणजे लापोर्टाला त्यांनीच वापरलं होतं. दुबळ्या संघातल्या मुलाचे कमी आकडे कसे वाचायचे, याचा अनुभव त्यांच्या गाठीशी होता.

तुलना करताना काय विचारायचं?

१. तो उभा कुठं राहतो? ओळीला चिकटून किती वेळ आणि बाहेर किती?
२. अडवताना पाय रोवतो का, की नुसता आडवा येतो?
३. संघाच्या एकूण पासमध्ये त्याचा वाटा किती? क्वार्टरबॅक कसा?
४. सगळ्यांत तगड्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध काय केलं?
५. वय किती? खेळ वर्षागणिक वाढतोय की एकाच हंगामात फुगला?
६. दुखापत एकदाची की पुन्हा पुन्हा तीच?
७. घेणाऱ्या संघाला त्याची गरज आहे का, की त्याच जागेवर आधीच कुणी बसलंय?

या सातांपैकी एकाच प्रश्नाचं उत्तर स्टॉपवॉचवर किंवा आकड्यांच्या तक्त्यावर पूर्ण मिळेल, असं नाही. पुढच्या एप्रिलमध्ये ड्राफ्ट बघायला बसाल तेव्हा पहिला टाइट एंड कोण गेला हे जरूर बघा. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीपर्यंत टीव्ही बंद करू नका. केल्सी, ग्रॉन्कोवस्की, अँड्र्यूज आणि लापोर्टा, चौघांची नावं तिथंच पुकारली गेली होती.